अब्बांचे वाळवंट

मी पाचवीत असताना आमच्या मराठीच्या बाईंनी 'माझे वडील' या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. मी वही उघडली आणि लिहिले, 'माझे वडील सौदी अरेबियात असतात. ते वाळवंटात पाण्याचा टँकर चालवतात. ते दोन वर्षांतून एकदा घरी येतात. येताना ते माझ्यासाठी रंगीत पेन्सिली आणतात.' पुढे काही सुचेना. चार ओळींवरच निबंध संपला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी लाल शाईने खाली दोनच शब्द लिहिले, 'आणखी लिही.'

पण आणखी काय लिहिणार? १९९० साली अब्बा तबूकला गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. २००९ साली ते कायमचे परत आले तेव्हा मी बी.एड. करत होते. मधल्या एकोणीस वर्षांत ते पाहुण्यासारखे येत, दोन महिने राहत आणि जात. दर महिन्याला मात्र त्यांचे पत्र येई. अम्मी ते मोठ्याने वाचून दाखवी. प्रत्येक पत्राचे पहिले वाक्य ठरलेले असे, 'येथे सर्व खैरियत आहे.' शेवटी प्रत्येकाच्या नावाने दुआसलाम असे. मधल्या ओळींत पैशांचा हिशेब आणि घराच्या दुरुस्तीची चौकशी. वाळवंटाविषयी एक अक्षरही नसे.

वाळू म्हणजे मला आमच्या रत्नागिरीकडच्या गावातली पुळण ठाऊक होती. ओली, थंडगार, भरती आली की पावले पुसून टाकणारी. अब्बांचे वाळवंट म्हणजे समुद्र नसलेली एक भलीमोठी पुळण असणार, अशी माझी समजूत होती. पुढे भूगोलाच्या पुस्तकात 'वाऱ्याचे कार्य' हा धडा आला. त्यात भूछत्र खडकाचे आणि बारखाण नावाच्या चंद्रकोरीसारख्या टेकडीचे चित्र होते. मी ती चित्रे वहीत काढली, परीक्षेत गुणही मिळवले. पण त्या चित्रांत अब्बांचा टँकर कुठे बसवावा, हे मला कधी कळले नाही.

२०१९ साली दिवाळीच्या सुट्टीत अब्बा, अम्मी आणि मी उमऱ्याला गेलो. परतीच्या वाटेवर आमच्या काफिल्याने जॉर्डन देशात काही दिवसांचा मुक्काम ठेवला होता. त्यातले दोन दिवस दक्षिणेकडच्या वादी रम या वाळवंटासाठी होते. वादी म्हणजे दरी किंवा कोरड्या नदीचे पात्र. अकबा या बंदरापासून हा प्रदेश साधारण साठ किलोमीटरांवर आहे. २०११ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तिथला निसर्ग आणि तिथल्या माणसांच्या जुन्या खुणा, या दोन्हींसाठी त्याला हा मान मिळाला आहे.

वादी रमच्या गावात बस थांबली. सगळे उत्साहाने उतरले. अब्बा जागेवरून हलेनात.

"वाळवंटात काय बघायचे?" ते म्हणाले. "एकोणीस वर्षे बघितले. तुम्ही जाऊन या. मी इथे बसतो."

मी काही बोलले नाही. अम्मीच म्हणाली, "तुम्ही बघितलेत, पोरीने कुठे बघितलेय? तिला दाखवायला तरी चला."

अब्बा उठले. मागे बाके लावलेल्या उघड्या गाडीत आम्ही बसलो आणि ते पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. ड्रायव्हर तिथलाच बदू तरुण होता. त्याने सहज काही विचारले आणि अब्बांनी अरबीत उत्तर दिले. तो चमकला.

"या हाज, तुम्ही अरबी कुठे शिकलात?"

"तबूकला. टँकरवर."

तो तरुण मोठ्याने हसला. त्याच्या जमातीचे लोक सीमेपलीकडे तबूकच्या भागातही राहतात, असे त्याने सांगितले. मग दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. घरी चार शब्दांत उत्तर देणारे माझे अब्बा हात हलवत, हसत, भराभर परकी भाषा बोलत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. हा माणूस मला नवा होता.

समोर जे दिसत होते ते भूगोलाच्या पुस्तकात मावणारे नव्हते. सपाट वाळूतून डोंगर एकदम उभे राहिले होते. आपल्या सह्याद्रीसारखा हळूहळू चढत जाणारा पायथा नाही, झाडी नाही. ओहोटीच्या वेळी बंदरात गलबते उभी असावीत, तसे ते एकेकटे उभे होते. जबल रम हा त्यांतला एक. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरांहून अधिक आहे. कडे इतके सरळ की मान मागे टाकून वर बघावे लागत होते. कुठे मेण वितळून ओघळावे तसे खडक दिसत होते, कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडली होती. रंग म्हणाल तर विटकरी, गुलाबी, पिवळा, जांभळा. एकाच कड्यावर रंगांचे पट्टे एकावर एक रचलेले होते.

मी एका कड्यावर हात ठेवला. हात उचलला तेव्हा तळव्याला तांबडे कण चिकटलेले होते. दगड म्हणजे घट्ट, न सुटणारी वस्तू असे आपण मानतो. हा दगड मात्र हाताला लागत होता. कारण तो वाळूचाच होता. सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणि उथळ समुद्राने इथे वाळूचे थरावर थर आणून टाकले. वरच्या थरांच्या भाराने खालचे थर दाबले गेले, कण एकमेकांना चिकटले आणि वालुकाश्म तयार झाला. पुढे जमीन उचलली गेली, तिला भेगा पडल्या. त्या भेगांतून पाण्याने वाटा कोरल्या, आणि एका अखंड पठाराचे हे सुटे डोंगर झाले. आता ऊन, थंडी, दव, खडकातले क्षार आणि वारा मिळून त्या खडकाची पुन्हा वाळू करत आहेत. वाळूचा खडक, खडकाची वाळू. त्या कणांचा हा केवढा मोठा प्रवास!

"आणि हा तांबडा रंग?" अम्मीने विचारले.

याचे उत्तर मला येत होते. तो लोखंडाचा गंज आहे. खडकातल्या लोहावर हवेची आणि पाण्याची क्रिया होऊन तो रंग येतो. आमच्या घराच्या भिंती ज्या जांभ्या दगडाच्या आहेत, तोही याच कारणाने तांबडा असतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वादी रममध्ये शंभर मिलिमीटरांची मारामार. तरी दोन्हीकडच्या दगडाला रंग देणारी वस्तू एकच. हे ऐकून अम्मीने त्या कड्याकडे जरा मायेने पाहिले.

जबल रमच्या पायथ्यापासून थोडे चढून गेल्यावर एक झरा आहे. कड्याच्या कुशीत हिरवीगार वेल आणि पुदिन्यासारखी रोपे पाहून मला नवल वाटले. अब्बांनी खडकाकडे बोट दाखवले.

"वरचा दगड बघ आणि खालचा बघ. वरचा पाणी पितो, खालचा पीत नाही. दोघांच्या सांध्यातून पाणी बाहेर येते. पाणी शोधायचे तर असा सांधा शोधायचा."

वरचा वालुकाश्म, खालचा कठीण ग्रॅनाइट. पावसाचे थोडेसे पाणी वालुकाश्मात झिरपते, ग्रॅनाइटला अडते आणि झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पुस्तकात हे समजवायला एक परिच्छेद लागतो. सातवीत शाळा सोडलेल्या माझ्या अब्बांनी ते चार वाक्यांत सांगितले होते. याच भागात जमिनीखाली दीसी नावाचा फार मोठा पाणीसाठा आहे. हजारो वर्षांपूर्वी, जेव्हा इथे पाऊस जास्त पडे, तेव्हाचे ते पाणी आहे. २०१३ पासून ते तीनशे किलोमीटरांहून लांब नळातून अम्मान या राजधानीपर्यंत नेले जाते. जे वाळवंट आपण कोरडे समजतो, तेच एका शहराला पाणी पाजत आहे.

दुपारी आम्ही खझअली नावाच्या डोंगरातल्या अरुंद घळीत शिरलो. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील, इतकी ती काही ठिकाणी चिंचोळी आहे. आत सावली आणि गारवा होता. भिंतींवर उंट, माणसे आणि पावलांच्या जोड्या कोरलेल्या होत्या. शेजारी समूदी आणि नबाती लिपीतली अक्षरे होती, त्यानंतरच्या काळातली अरबीही होती. वादी रममध्ये अशी सुमारे पंचवीस हजार चित्रे आणि वीस हजार लेख सापडले आहेत. त्या लेखांत बहुतेक वाटसरूंची नावे असतात. अमका, तमक्याचा मुलगा. उन्हातान्हात उंट हाकणाऱ्या माणसालाही वाटले की आपण इथून गेलो, हे कुणाला तरी कळावे.

अब्बा बराच वेळ ती अक्षरे पाहत होते. मग म्हणाले, "आम्ही तिकडे एवढा मोठा रस्ता केला. त्यावर आमची नावे नाहीत."

ते तक्रारीने म्हणाले नाहीत. पण मला घशात काहीतरी अडकल्यासारखे झाले. शेजारीच कुणी आजच्या प्रवाशाने खडकावर आपले नाव खरवडले होते. त्या नव्या नावाखाली एका जुन्या उंटाचे पाय नाहीसे झाले होते. दोन हजार वर्षे टिकलेली खूण पुसायला एक खिळा आणि दोन मिनिटे पुरली होती.

असरची नमाज झाल्यावर आम्ही वाळूच्या टेकडीपाशी आलो. एका काळ्या-तांबड्या डोंगराला टेकून वाऱ्याने वाळूचा उंच ढीग रचला होता. ड्रायव्हरने वाटेतच चाकांतली थोडी हवा सोडली होती. हवा कमी केली की टायर पसरतो, गाडीचे वजन जास्त जागेवर वाटले जाते आणि चाक रुतत नाही. मी मोठ्या उमेदीने सरळ समोरच्या उतारावरून चढू लागले. दोन पावले वर गेले की एक पाऊल खाली घसरत होते. वाळू चपलांत, बाह्यांत, तोंडात गेली.

"तिकडून नको," खालून अब्बा ओरडले. "वारा येतो त्या बाजूने चढ. ती बाजू घट्ट असते."

मी वळसा घालून गेले आणि खरोखरच पाय टिकला. वारा वाळूचे कण उचलून फार उंच नेत नाही. ते जमिनीलगत उड्या मारत पुढे जातात. वाऱ्याकडची बाजू अशी दाबली जाते आणि तिचा उतार मंद राहतो. माथ्यावर पोचलेले कण पलीकडे घसरतात. म्हणून पलीकडची बाजू तीव्र आणि भुसभुशीत असते. याच उड्या मारणाऱ्या कणांनी खडकाचा पायथा घासला जातो आणि भूछत्र खडकाला त्याचा आकार येण्यास मदत होते. हे मी वर्गात दहा वेळा शिकवले होते. पायाला ते त्या दिवशी कळले.

माझ्यामागून अब्बाही वर आले. आम्ही माथ्यावर बसलो. वाळूवर बारीक लाटा उठलेल्या होत्या. त्यांवरून एका भुंग्याच्या पावलांची नक्षी दूरवर गेलेली होती. वाळवंट रिकामे असते असे म्हणणाऱ्याने ती बघायला हवी होती. ऊन उतरू लागले तसे डोंगर आतून पेटल्यासारखे लाल झाले. अब्बांनी दक्षिणेकडे बोट केले.

"त्या बाजूला सौदी. हेच डोंगर पुढे तसेच जातात. याला हिस्मा म्हणतात. तबूक इथून दोनशे किलोमीटरांच्या आत असेल."

थोडा वेळ गेला. मग माझ्याकडे न बघता ते सांगू लागले.

"१९९४ चा उन्हाळा होता. रस्त्याच्या कामावर पाणी घेऊन निघालो होतो. रात्री वारा सुटला होता, जुनी वाट वाळूखाली गेली होती. मी अंदाजाने गाडी घातली. मागचे चाक रुतले. काढायला गेलो तर आस मोडला. तेव्हा मोबाइल कुठला? गाडी सोडून चालत जायचे नाही, हा पहिला नियम. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. म्हणून टँकरखाली सावलीत पडून राहिलो. दोन रात्री काढल्या. दोन खुबूस होते, ते पहिल्याच रात्री संपले. पाणी मात्र दहा हजार लिटर."

"मग?"

"तिसऱ्या सकाळी एक म्हातारा बदू बकऱ्या घेऊन आला. त्याने आधी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. खजूर दिले, ताक दिले. मी म्हटले, माझ्याकडे द्यायला काही नाही. तो टँकरकडे बघून हसला. मी नळ उघडला. त्याच्या बकऱ्या पोटभर पाणी प्याल्या. मग त्याने मला रस्त्यापर्यंत पोचवले."

"आणि मालक?"

"मालकाने आस दुरुस्तीचे आणि पाण्याचे पैसे पगारातून कापले." अब्बा हसले. "बकऱ्या काय प्याल्या असतील ते!"

मला हसू आले नाही. मी म्हटले, "अब्बा, हे तुम्ही कधी पत्रात लिहिले नाही."

"लिहून काय झाले असते? पत्र पोचायला पंधरा दिवस लागत. मी इथे जेवूनखाऊन ठणठणीत, आणि तुम्ही तिथे पंधरा दिवसांनी रडणार. त्यापेक्षा खैरियत लिहिलेली बरी."

ते उठले आणि कपड्यांवरची वाळू झटकू लागले. खाली अम्मी हात हलवून बोलावत होती. उतरताना त्यांनी माझा हात धरला. पडू नये म्हणून त्यांनी मला धरले होते की मी त्यांना, ते सांगता येणार नाही.

रात्री तळावर जेवणाला जर्ब होते. वाळूत खड्डा करून खाली निखारे, वर मांस आणि भाज्यांच्या जाळ्या, त्यावर झाकण आणि झाकणावर पुन्हा वाळू. आपल्या कोकणातल्या पोपटीचीच ही वाळवंटातली बहीण. अब्बांनी त्या तरुणाला पोपटी कशी लावतात ते अरबीतून समजावून सांगितले. त्याला ती कितपत कळली कोण जाणे, पण त्याने अब्बांना मांसाचा मोठा तुकडा वाढला. जेवणानंतर दिवे मालवले गेले आणि आकाशात इतके तारे दिसले की कुणालाच बोलावेसे वाटेना.

घरी परतल्यावर मी अम्मीची लोखंडी पेटी उघडली. पत्रे सालवार बांधून ठेवलेली होती. १९९४ च्या गठ्ठ्यात जुलै महिन्याचे पत्र सापडले. पहिले वाक्य तेच होते, 'येथे सर्व खैरियत आहे.' खाली हिशेबाच्या ओळींत आणखी एक वाक्य होते. लहानपणी ते मी ऐकले असेल, पण माझ्या लक्षात राहिले नव्हते. 'या महिन्यात पैसे थोडे कमी पाठवत आहे, राग मानू नका.'

मी आता ज्या वर्गाला मराठी शिकवते, त्यातल्या कितीतरी मुलांचे वडील कुवेत, दुबई, कतार, सौदी इथे आहेत. मागच्या वर्षी मी त्यांना 'माझे वडील' हाच विषय दिला. एका मुलाने लिहिले, 'माझे वडील कतारला असतात. ते क्रेन चालवतात. ते दर जुम्याला फोन करतात. ते म्हणतात, मी मजेत आहे.' निबंध तिथेच संपला होता. पुढे पान कोरे होते.

मी लाल शाईचे पेन घेतले आणि खाली लिहिले, 'या जुम्याला त्यांना विचार, क्रेनवरून काय काय दिसते. मग आणखी लिही.'